विंटर टेलिफोनच्या व्हॅनमधून

साताऱ्यात परत आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतो, "काय बाई, अमेरिकेत काय काय पाहिलंत?" आणि मी खरं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. न्यूयॉर्कचा तो हात वर केलेला पुतळा मी पाहिला नाही. व्हाइट हाउस पाहिलं नाही. मी पाहिली मराठी माणसांच्या घरांची तळघरं, एक पांढरी खडखडती व्हॅन आणि तीन पोरं. त्यातलं एक माझ्या भावाचं. बारा दिवस मी एका कॅनेडियन बँडबरोबर हिंडले. बँड म्हणजे आपल्याकडे वरातीपुढे असतो तो नव्हे. हे विजेवर वाजतं.

झालं असं, की माझा धाकटा भाऊ वसंता गेली बावीस वर्षं टोरांटोजवळ असतो. त्याची मिथिला तिथेच जन्मली, आता विशीची आहे. शाळेतल्या दोन मित्रांबरोबर तिनं एक ग्रुप काढला, त्याचं नाव 'विंटर टेलिफोन'. थंडीतला टेलिफोन! का, तर म्हणे ऐकायला छान वाटतं. केव्हिन गातो. डग काळ्या षटकोनी थाळ्यांवर काठ्या मारतो, त्यातून ढोलाचा आवाज येतो. आणि मिथिला वाजवते सिंथेसायझर. त्याला पट्ट्या आपल्या पेटीसारख्याच, पण भाता नाही, आणि वर बटणंच बटणं. एक पिरगाळलं की बासरी, दुसरं पिरगाळलं की भूत. वसंताच्या गॅरेजमध्ये सुरू झालेलं हे प्रकरण. आधी घरी केलेल्या दोन कॅसेटी, मग एका छोट्या कंपनीची रेकॉर्ड, आणि दोन हिवाळ्यांपूर्वी त्यातलं एक गाणं कॅनडाच्या रेडिओवर सकाळ-संध्याकाळ वाजायला लागलं. पुढचं सगळं अमेरिकेवर अवलंबून होतं. तिथे त्यांना फक्त कॉलेजांची रेडिओ केंद्रं वाजवत होती. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कंपनीचा माणूस दौऱ्यात ऐकायला येणार होता.

आणि इकडे सप्टेंबरात मिथिलाला फार्मसीच्या कॉलेजात जागा मिळालेली. बाप-लेकीत महिनाभर अबोला. मी उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेले तेव्हा घरात ताटं आपटण्याचे आवाज तेवढे होते. शेवटी वसंता मला म्हणाला, "अक्का, तू तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलंस. तू जा पोरांबरोबर. ऐक आणि मला सांग. तू हो म्हणालीस तर मी आडवा येणार नाही. नाही म्हणालीस तर सप्टेंबरात कॉलेज." मिथिलानं खांदे उडवले आणि म्हणाली, "फाइन. आत्या डिसाइड करेल." म्हणजे सोबत म्हणूनही मी आणि न्यायाधीश म्हणूनही मीच. नाही म्हणायचं सुचलंच नाही मला.

बफेलो

पुलाच्या अलीकडे कॅनडा, पलीकडे अमेरिका. मधल्या चौकीवर एका गोऱ्या अधिकाऱ्यानं गाडीत डोकं घातलं. पुढे डग, आडवातिडवा, दाढीवाला. शेजारी केव्हिन, केस निळे, उभे. मागे मिथिला, अर्धं डोकं भादरलेली. आणि तिच्या बाजूला मी, गुलबक्षी सहावारी आणि पायात वसंतानं घेऊन दिलेले पांढरे बूट.

"आणि या कोण?" त्यानं विचारलं.

"आमच्या आत्या," डग म्हणाला.

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्या."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला माझ्या पिशवीत भडंगाचा डबा सापडला. मी झाकण उघडून पुढे केला, त्यानं घेतलं नाही, पण हसला आणि शिक्का मारला.

पहिला कार्यक्रम मी कानात कापसाचे बोळे घालून ऐकला. खरं सांगते, मला काही कळलं नाही. छाती धडधडत होती ती गाण्यानं की थाळ्यांनी, तेही समजेना. शंभर पोरं उभ्या उभ्या हलत होती, बसायला कुणालाच जागा नव्हती आणि कुणाला हवीही नव्हती. मला एका बाईनं बारमागचं उंच स्टूल आणून दिलं. त्यावर चढले खरी, उतरवायला दोन माणसं लागली.

श्रूजबरी

हॉटेलात राहण्याची या पोरांची ऐपत नव्हती. निघायच्या आधीच टोरांटोत मी नकाशा पसरला आणि वसंताच्या बायकोबरोबर बसून फोन लावले. याची मेहुणी तिथे, तिची मैत्रीण अमक्या गावात. अर्ध्या तासात सगळा दौरा बसवून दिला. केव्हिनला खरंच वाटेना. "ते आपल्याला ओळखतात?" म्हणाला. मी म्हटलं, "नाही. पण त्यांना कळलंय आपण येतोय." याच्यापुढे काय समजवायचं असतं!

श्रूजबरीला माझी जुनी विद्यार्थिनी विजया आहे, आता लहान मुलांची डॉक्टर. दारात येऊन तिनं वाकून नमस्कार केला. ते पाहून डगही वाकला, आणि त्याच्या मागोमाग केव्हिनही, निळ्या केसांसकट. विजयाची चौदा वर्षांची अनू जिन्यावर उभी होती ती किंचाळलीच. "ओ माय गॉड, आई, दे आर विंटर टेलिफोन! इन अवर बेसमेंट!" तिनं त्यांचं गाणं रेडिओवरून टेप केलं होतं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की ही पोरं म्हणजे कुणीतरी आहेत बरं का.

जेवणाचं काय सांगू! वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, आणि फ्रीझरमधल्या पुरणाच्या पोळ्या. डगनं सात खाल्ल्या. तिकडे पाहुण्याला 'आणखी हवंय का' असं एकदाच विचारतात आणि तो नको म्हणाला की खरंच वाढत नाहीत. आपल्याकडे नको म्हणणं ही सुरुवात असते. डगला हे दोन मिनिटांत कळलं. नको म्हणायचा आणि ताट पुढे करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा गोंधळ. केव्हिनचं स्टेजवरचं काळं जाकीट आणि पँट तळघरात खुर्चीवर टाकलेली होती. दोन्हींना जागोजाग भोकं. ती भोकं त्यानं स्वतः कात्रीनं, महिनाभर खपून पाडली होती, ती त्याची कलाकुसर! विजयाच्या सासूबाई पहाटे पाचला उठणाऱ्या. अमेरिकेत त्यांना दिवसभर काम नाही, हात शिवशिवतात. त्यांनी ती बिचाऱ्या गरीब मुलाची फाटकी कापडं बघितली, धुतली, वाळवली, एकूण एक भोक बारीक टाक्यांनी शिवलं आणि कडक इस्त्री करून ठेवली. केव्हिन जाकीट हातात धरून उभा, आ वासून. सासूबाई कौतुकानं बघतायत. मला वाटलं आता हा पोरगा ओरडणार. पण तो म्हणाला, "थँक यू, आजी," आणि संध्याकाळी शेजारच्या वुस्टर शहरातल्या कार्यक्रमात तसाच शिवलेला, इस्त्रीचा उभा राहिला. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण श्रूजबरी माझ्या लक्षात राहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्याच सकाळी मी चहा घेऊन खाली गेले. मिथिला एकटी वाद्यापुढे बसली होती. एकच पट्टी दाबायची, ऐकायची, एक बटण केसभर फिरवायची, परत दाबायची. त्या जुन्या यंत्राला आवाज लक्षात राहत नाहीत म्हणे, म्हणून प्रत्येक बटण कुठे ठेवायचं ते ती एका वहीत लिहून ठेवी. मी पायरीवर बसले. कापूस वरच राहिला होता. तास झाला, दीड झाला, पोरगी हलली नाही. तानपुरा लावताना माझे गुरुजी असे बसायचे, आम्ही मुली कंटाळून जायचो.

"काय शोधतेयस गं एवढं?" मी शेवटी विचारलं.

"घंटी," ती म्हणाली. "पण घंटी नको मला. घंटी वाजून झाल्यावर जे राहतं ना, ते हवंय. यू नो?"

मग तिनं ते गाणं मला हळू आवाजात वाजवून दाखवलं. चाल तिची, शब्द तिचे. सगळीच गाणी तिची होती, हेही मला तेव्हाच कळलं. केव्हिन गातो म्हणून लोक केव्हिनकडे बघतात, एवढंच. त्या चालीत एक जागा अशी होती, की सूर खाली येणार असं वाटतं आणि तो येत नाही, तिथेच थांबतो. तीस वर्षांत इतक्या मुलींना शिकवलं मी, गोड गळे पुष्कळ पाहिले. स्वतःच्या मनानं असं थांबणारी एकही पाहिली नव्हती. वसंताला काय सांगायचं ते त्या पायरीवरच ठरलं.

आणि मी तिला काय म्हणाले? म्हणाले, "चहा गार झाला, दुसरा आणू का?"

आयसेलिन

न्यू जर्सीत ओळखीच्या ओळखीतल्या पेंडशांकडे उतरलो. ओक ट्री रोडवर आता आपल्या लोकांची दुकानं होऊ लागली आहेत, साड्यांची, मिठायांची, एकदोन सोन्याचीही. बाहेर उभं राहिलं की फोडणीचा वास येतो, आणि समोरून लांबलचक अमेरिकन मोटार जाते. केव्हिननं स्टेजसाठी दोन डझन हिरव्या काचेच्या बांगड्या घेतल्या. दुकानदारीणबाईंनी साबण लावून त्या त्याच्या हातात चढवल्या आणि "लग्न कधी?" म्हणून विचारलं. डग खुर्चीवरून पडायचा राहिला.

तिथला कार्यक्रम जवळच्या एका कॉलेजच्या हिरवळीवर, दुपारी चारला, उघड्यावर. न्यूयॉर्कचा तो माणूस इथेच येणार होता. सकाळी डगनंही नको म्हटलं आणि ताट पुढे केलं नाही. मिथिलानं माझा हात धरला. "आत्या, इफ ही लाइक्स अस, वी गेट टु मेक अ रिअल रेकॉर्ड," ती म्हणाली. मी म्हटलं, "होईल सगळं नीट."

वाजवलंही काय सुंदर! मी कापूस फेकून दिला होता. त्या घंटीच्या गाण्याला तर गवतावर लोळत पडलेली पोरं उठून बसली.

मी कडेला घडीच्या खुर्चीवर होते. शेजारी एक चाळिशीचा, फिकट कोट घातलेला माणूस येऊन बसला. फिल म्हणून नाव सांगितलं. तोच तो. मी लगेच डबा उघडून रव्याचा लाडू दिला. त्यानं खाल्ला, बोटं पुसली आणि विचारलं, "तुम्ही त्या कीबोर्डवाल्या मुलीच्या घरच्या ना? गाणी तीच करते, हो ना? मला वाटतं हा ग्रुप म्हणजे तीच आहे."

अगं बाई! माझं काळीज सुपाएवढं झालं. आणि कौतुकानं भरून आलेल्या त्या तोंडानं मी काय बोलले ते जन्मभर विसरणार नाही. आपल्या पोरीचं परक्यानं कौतुक केलं की आपण काय म्हणतो? तेच मी म्हणाले, माझ्या साताऱ्याच्या इंग्रजीत. "छे छे, ती अजून शिकतेय. सगळं त्या मुलांचंच आहे. ती आपली मागे बसून थोडी मदत करते."

त्याचा चेहरा बदलला. "खरंच?" त्यानं विचारलं.

आता इथे समोरच्यानं म्हणायचं असतं, "अहो नाही हो, फार गुणी आहे." मग आपण परत नाही म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा तो म्हणाला की हसून गप्प बसायचं. मी त्याच्या वाटणीची जागा सोडून वाट बघत होते. म्हटलं, "हो हो, खरंच. लहान आहे ती."

तो उठला. "थँक यू, मॅडम. याची फार मदत झाली," म्हणाला आणि केव्हिनशी हात मिळवायला गेला. मला आपली शंकाही नाही. उलट वाटलं, किती सभ्य माणूस, आणि मीही कशी छान बोलले.

ट्रॉय

मिशिगनमधलं ट्रॉय म्हणजे डेट्रॉइटच्या कडेची सरळ रस्त्यांची, मोठ्या हिरवळींची वस्ती. इथे माझी वर्गमैत्रीण कुसुम राहते, तिचे यजमान मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. इथला कार्यक्रम शेवटचा. पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, कार्यक्रमाच्या सकाळी, कुसुमनं थालीपिठं लावली होती, आम्ही सगळे टेबलाशी, आणि फोन आला. केव्हिनसाठी, न्यूयॉर्कहून. तो बाहेरच्या खोलीत गेला. दहा मिनिटांनी आला तेव्हा कुणाकडे बघेना.

"त्यांना रेकॉर्ड करायचीय," तो म्हणाला. "पण फक्त माझ्याबरोबर. कॅलिफोर्नियात. गाणी तिकडचं कुणी देणार आहे."

"आणि मिट?" डगनं विचारलं. मिथिलाला ते मिट म्हणतात.

केव्हिननं थालीपिठाकडे बघत सांगितलं, "तो म्हणाला, ती नुसती मदत करते. तिच्या घरचेच सांगतात तसं."

मिथिलानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हातातला तुकडा परत ताटात ठेवला. कुसुमला काही कळेना, ती तवा हातात घेऊन उभी.

"मी काही बोललो नाही त्याला," केव्हिन म्हणाला. "बोलायला हवं होतं. सॉरी, मिट." पोरगा वाईट नाही. पण विशीतल्या मुलाच्या हातात कुणी कॅलिफोर्निया ठेवला तर तो काय करणार?

मिथिला उठून मागच्या अंगणात गेली. मी आधी तिच्यामागे गेले नाही. आधी केव्हिनकडून नंबर घेतला आणि कुसुमच्या स्वयंपाकघरातून फिलला फोन लावला. त्याला म्हटलं, मी खोटं बोलले. गाणी तिची आहेत, आवाज तिचे आहेत, तिच्याइतकी गुणी मुलगी मी पाहिली नाही. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं." तेही खरंच. केव्हिननं होकार दिला होता, कागद तयार होत होते. आता मी काहीही म्हटलं तरी ते घरच्या माणसाचं बोलणं. गंमत बघा, खरं बोलले तेव्हा घरची ठरले.

अंगणात मिथिला पाय पोटाशी घेऊन झोक्यावर बसली होती. मी समोर उभी राहिले, बसायचं धाडस होईना.

"आत्या, तुला तसं वाटतं?" तिनं विचारलं. "दॅट आय जस्ट हेल्प?"

"नाही गं. मुळीच नाही."

"देन व्हाय वुड यू से इट?"

काय सांगणार? म्हटलं, "तू आमची आहेस म्हणून. आपल्या माणसाचं आपण कौतुक करत नाही, दुसऱ्यानं करायचं असतं. तो करत होता, मी नको म्हणाले. तसं म्हणायची पद्धत आहे."

तिनं पाय खाली सोडले. मग म्हणाली, "बाबाही तसंच करतात. लोक म्हणाले ना, युवर डॉटर इज सो गुड, की ते म्हणतात, कसलं काय, ठीक आहे आपली. लहानपणापासून." तिनं झोक्याची साखळी धरली. "मला वाटायचं ते खरंच सांगतायत. आय थॉट ही मेंट इट, आत्या."

मी तिथेच गवतावर बसले. वीस वर्षं पोरीनं आपल्या बापाचा शब्द न् शब्द खरा धरला होता. मग मी तिला सगळं सांगितलं, पायरीवरचं, त्या थांबलेल्या सुराचं, माझ्या गुरुजींचं. म्हटलं, "तेव्हाच सांगायला हवं होतं, मी चहाचं विचारलं. माझं चुकलं, बाळा. फार चुकलं." ती रडली, मीही रडले. शेजारची अमेरिकन बाई कुंपणावरून बघून आत निघून गेली.

त्या संध्याकाळी डेट्रॉइटला त्या तिघांनी शेवटचं एकत्र वाजवलं. भांडण नाही, तंटा नाही. केव्हिन हिरव्या बांगड्या घालून गायला. कार्यक्रम संपल्यावर त्यानं मिथिलाला मिठी मारली, आणि सकाळी डगनं त्याला विमानतळावर सोडलं. विंटर टेलिफोन संपला. नाव मात्र मिथिलाकडेच राहू दे असं तो स्वतःहून म्हणाला. डगनं आणि तिनं न्याहारीच्या वेळी ठरवलं, की दोघांनीच पुढे करायचं, गायचं मिथिलानं. गळा बरा आहे तिचा, मेहनत करावी लागेल. हे मी तिला तोंडावर सांगितलं, दोन्ही भाग.

राहिला वसंता. फोन मी लावला, मिथिलाला शेजारी उभं करून.

"काय अक्का, संपलं का?" तो म्हणाला. "कॉलेजचं पत्र आलंय. फी भरू ना?"

"नको भरूस," मी म्हटलं. "कंपनीनं तिला घेतलं नाही, आणि ती चूक माझी आहे, आल्यावर सांगते. पण तू मला विचारलं होतंस ना, तर ऐक. पोरगी फार गुणी आहे. तिच्यात जे आहे ते माझ्यात नव्हतं, आपल्या घरात कुणाच्यात नव्हतं."

मग तो हसला. "कसलं काय अक्का, तुझं आपलं काहीतरीच. ठीक आहे ती..."

"गप्प बस, वसंता!" मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले. कुसुमच्या यजमानांनी पेपर खाली ठेवला. "मी काय तुझ्याकडे हळदीकुंकवाला आलेली बाई आहे? मला कशाला सांगतोस कसलं काय म्हणून? तिची पहिली कॅसेट तू गाडीत लावतोस, रोज, ऑफिसला जाताना. तुझ्या बायकोनं सांगितलंय मला. लावतोस की नाही?"

तिकडून खाकरल्याचा आवाज आला.

"लावतोस की नाही?"

"लावतो," वसंता म्हणाला.

"का लावतोस?"

"अगं... छान आहे ती."

"हे मला नको सांगूस," मी म्हटलं, आणि रिसीव्हर मिथिलाच्या हातात दिला.

तिनं तो कानाला लावला. "हॅलो, बाबा?" म्हणाली. तिकडून वसंता काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. फार मोठं काही नसावं, दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त त्याला कधी जमलेलं नाही. मिथिला भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिनं दोन्ही हातांनी रिसीव्हर घट्ट धरला.

"बाबा," ती मराठीत म्हणाली, "परत एकदा म्हणा ना."